व्यत्ययाचा तक्ता

माझ्या प्रबंधाच्या सत्त्याऐंशीव्या पानावर एक तक्ता आहे. मुलांच्या वाचनाचं जे ध्वनिमुद्रण केलं, त्यात कोणकोणते व्यत्यय आले आणि किती वेळा आले, त्याचा. कोंबडा एकशे सहा वेळा. मोटरसायकल एक्काहत्तर. टीव्ही चोपन्न. प्रौढ स्त्रीचा आवाज दोनशे सत्त्याण्णव. एकूण ध्वनिमुद्रणं चारशे बारा. आकडे बरोबर आहेत. मी आकड्यांत चुकत नाही; चुकले असते तर बरं झालं असतं.

मी मयुरा सावे. घर घोलवडला, चिकूच्या वाडीत. शाळा तलासरी तालुक्यात कुंडपाड्याला, पहिली ते चौथी, दोनशिक्षकी. नऊ वर्षं रोज स्कूटरवर जाते-येते. माणसांची मोजदाद ठेवायची मला खोड आहे. आमचे मुख्याध्यापक प्रितेश सर दिवसातून सरासरी चार वेळा ‘वरून आदेश आहे’ म्हणतात, तपासणीच्या आठवड्यात नऊ वेळा. माझी धाकटी जाऊ शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात विषय सहायक झाली, तेव्हापासून कुठल्याही गप्पांत तिच्या तिसऱ्या वाक्याला ‘आमच्या ऑफिसात’ येतं. गणपतीत मोदकांवर बोलतानाही तिने ते चौथ्यावर जाऊ दिलं नाही.

शैक्षणिक तंत्रज्ञानात एम.ए. का करायचं आहे, या अर्जातल्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘दुर्गम भागातील मुलांपर्यंत दर्जेदार शिक्षण पोहोचवण्यासाठी.’ खरं कारण ही जाऊ. तिच्यासारखंच पद जूनमध्ये आणखी एक भरणार होते आणि त्याला ही पदवी लागत होती. दुर्गम भागातली मुलं त्यानंतर येत होती, पण येत होती. तेवढं माझ्या बाजूनं धरावं.

दूरशिक्षणाच्या त्या दोन वर्षांत मी पुष्कळ शिकले. त्याआधी शाळेतला संगणक दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरता होता. आता मला धडा आवाजात भरता यायला लागला, कापता-जोडता यायला लागला, मागचा गोंगाट पुसता यायला लागला. पडद्यावर आवाजाची जी नागमोडी रेघ दिसते ती पाहून मी सांगू शकत होते, की इथे मूल अडखळलं आणि इथे कुणी दार लोटलं. चौथ्या सत्राच्या पेपरात ‘तंत्रज्ञान आणि मूल यांच्यातला मध्यस्थ’ असा वीस गुणांचा प्रश्न होता. साधन स्वतः शिकवत नाही, साधनाशेजारी बसलेलं माणूस शिकवतं, असं मी सुरुवातीलाच लिहिलं. वीसपैकी सतरा मिळाले.

प्रबंधाचा प्रयोग साधा होता. तिसरी-चौथीची तेहतीस मुलं. घरात त्यांची बोली, पुस्तकात मराठी, आणि दोन्हींच्या मधे मी. मी पाच पाच मिनिटांचे धडे माझ्या आवाजात भरून रोज सहा वाजता पाड्यातल्या मोबाइलवर पाठवायचे. मुलांनी ऐकायचं, मग त्याच धड्यातला उतारा वाचायचा आणि वाचलेलं भरून मला परत पाठवायचं. पाड्यात मोठे मोबाइल अकरा, त्यातले चालू सात, आणि रेंज एकाच ठिकाणी, सुक्याच्या घरामागच्या पाण्याच्या टाकीपाशी. जुलै ते सप्टेंबर आठवड्याला चार-पाच उत्तरं यायची. वाचनही असं, की एकेक शब्द बैलासारखा ओढून आणलेला. ऑक्टोबरपासून उत्तरं एकदम तीसवर गेली, आणि मुलं वाचायला लागली. खरोखर वाचायला लागली. निलम नावाची मुलगी, जी वर्गात माझ्याकडे पाहायचीसुद्धा नाही, तिने पूर्ण उतारा एका दमात वाचून पाठवला, विरामचिन्हांसकट.

ऑक्टोबरपासूनच त्या ध्वनिमुद्रणांत एक बाई बोलायची. मूल वाचायला लागण्याआधी तिचं बोलणं चालू असे, त्यांच्या बोलीत, अर्धा-पाऊण मिनिट. मला त्यातला एक शब्द कळत नसे. माझे मार्गदर्शक रविंद्र सर म्हणाले, “मुद्रणात फक्त मुलाचा आवाज हवा. बाकी काढून टाका.” मी काढून टाकला. कुणाची तरी आई असेल, पोराला दटावत असेल, एवढंच मी स्वतःला सांगितलं. दोनशे सत्त्याण्णव वेळा सांगितलं. मग निष्कर्षात लिहिलं, ‘कोणत्याही प्रौढ व्यक्तीच्या मदतीशिवाय, केवळ ध्वनिपाठांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेत लक्षणीय वाढ आढळली.’ जानेवारीत प्रबंध सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधून जमा केला. एक प्रत घरच्या काचेच्या कपाटात, जावेला दिसेल अशी.

फेब्रुवारीत आमच्या केंद्राची शिक्षण परिषद कुंडपाड्याला आली. दर महिन्याला एकेका शाळेत बारा शाळांचे शिक्षक जमतात, कुणीतरी आपला उपक्रम दाखवतं, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि जेवणाची वाट बघतात. या वेळी माझी पाळी. अठ्ठावीस शिक्षक, केंद्रप्रमुख उमेश सर आणि समोर सतरंजीवर माझी तेहतीस मुलं. भिंतीवर प्रोजेक्टर. स्वयंपाकखोलीत शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या शुक्री आणि कमळी सगळ्यांची खिचडी रांधत होत्या.

मी निलमचं जुलैतलं वाचन ऐकवलं, मग डिसेंबरमधलं. टाळ्या. आलेख दाखवला. टाळ्या. मग तो व्यत्ययाचा तक्ता, आपण किती बारकाईनं काम केलं हे कळावं म्हणून. त्यालाही टाळ्या पडल्या.

उमेश सर खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, हे कापून-शिवून तयार केलेलं झालं. आत्ता इथे एक नवा धडा लावा बघू. मुलांनी न ऐकलेला.”

मला तर हेच हवं होतं. आदल्या दिवशी मी चिंचणीच्या होड्यांवर आणि वाळवणाच्या मासळीवर एक धडा भरला होता. तो लावला. पाच मिनिटं माझा आवाज वर्गात फिरला. शिक्षक माना डोलावत होते. धडा संपला.

मी हसून म्हटलं, “हं, आता पुस्तक उघडा, कोण वाचणार?”

निलमनं मान डावीकडे वळवली. मग दिपकनं. मग एकेक करत सगळी तेहतीस डोकी डावीकडे, स्वयंपाकखोलीच्या दाराकडे वळली आणि तिथेच थांबली. दारात शुक्री उभी होती, हातात पळी. तिने मुलांकडे पाहून नाही म्हणून मान हलवली आणि आत सरकली. डोकी हलली नाहीत.

“खिचडीची वेळ झाली वाटतं,” उमेश सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, मला वाटतं सगळ्यांत मोठ्यानं मीच.

“नाय सर,” दिपक म्हणाला. “आथा आते सांगल.”

“कोण आते?”

“शुक्रीआते. धडा झाला का ती सांगते. मग आमी वाचतो.”

उमेश सरांनी शुक्रीला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात आली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं त्या पाहण्यात होतं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. मग ती दारातूनच, आमच्यापैकी कुणाकडे न बघता, मुलांना धडा सांगायला लागली. मध्येच थांबून काहीतरी विचारायची, मुलं एका सुरात उत्तर द्यायची, ती टाळूला जीभ लावून ‘च्च’ करायची आणि पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं विचारायची.

पहिल्याच वाक्याला मला कळलं. त्या आवाजाची रेघ मला पाठ होती. तो श्वास कुठे घेतो, प्रश्नाआधी ते ‘च्च’ कसं उमटतं, पडद्यावर त्याचा कसा बारीक काटा दिसतो. तो काटा पकडूनच मी तिचं बोलणं कापायचे. चार वर्षं ही बाई माझ्या शाळेत रोज होती, आणि तिच्या तोंडून मी तीनच वाक्यं ऐकली होती. ‘झालं बाई.’ ‘मीठ संपलं.’ ‘हात धुवा रे.’ चौथं ऐकायला मला एम.ए. करावं लागलं.

दोन मिनिटांत ती थांबली. मुलांनी पुस्तकं उघडली आणि वाचलं. सुरेख वाचलं.

मागून चिंचणीहून येणारे एक सर, ज्यांच्या हिशेबात दर परिषदेला कुणाची तरी किमान एक फिरकी असते, म्हणाले, “मयुरा मॅडम, तुमच्या तक्त्यातली चौथी ओळ ती हीच का हो?”

तक्ता अजून भिंतीवरच होता. कोंबडा, मोटरसायकल, टीव्ही. अठ्ठावीस जणांनी तो पुन्हा वाचला. डोळे वरून खाली येताना मला दिसत होते. या वेळी कुणी हसलं नाही. उमेश सर उठले आणि म्हणाले, “चला, जेवून घेऊ.” त्यांनी मला वाचवलं, आणि वाचवलं जातंय हे सगळ्यांना कळलं.

सगळे गेल्यावर मी शुक्रीकडे गेले. ती मोठं पातेलं राखेनं घासत होती.

“तू रोज जायचीस टाकीपाशी?”

“दिवाळीच्या आधीपासून. माझी रूपी रडायची, बाई काय बोलतात कळत नाय म्हणून. तिला सांगायला बसली, तर शेजारची पोरां आली. मग सगळीच येत गेली.” तिने पातेलं फिरवलं. “तुमचा धडा बेस असतो बाई. पण पळतो. मी थांबवून थांबवून सांगत होती.”

“तू शिकलेली किती?”

“सातवी. आश्रमशाळेत.”

“मला बोलली नाहीस कधी.”

“बोलायचं काय त्यात. तुमी ऐकतच होता ना, मोबाइलमधी मी होती.” आणि मग, जरा लाजल्यासारखी, “पोरां मना सांगायची, बाई वर्गात लावतात तेव्हा आते तुझा आवाज येत नाय, निसता आमचाच येतो. मी म्हटलं, चांगला मोबाइल असल, मोठ्या माणसांचा आवाज घेत नसल.”

मी म्हटलं, “हो, तसं होतं कधी कधी.”

ते मी म्हटलं. इथे न लिहिता चाललं असतं, कारण ते ऐकायला पातेल्याशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी रविंद्र सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते वैतागले, पण माझ्यावर नाही, वेळेवर. “मॅडम, वीस मार्चला तुमची तोंडी परीक्षा आहे. आता हे काढलंत तर निष्कर्षच उभा राहत नाही. प्रयोग पुन्हा करा म्हणतील, डिसेंबर उजाडेल. तुमची ती जूनची मुलाखत गेली. त्या बाईंचं नाव आभाराच्या पानावर घालू, नवीन पान चिकटवून देतो. त्यांनाही बरं वाटेल.”

घरी सासूबाईंना सांगितलं. कुसुमबाईंनी पन्नास वर्षं वाडी सांभाळलेली. माल बघितल्याशिवाय त्या मत देत नाहीत, पण हे मत लगेच दिलं. “एवढं काय त्यात? चिकू उतरवतात कोण, निवडतात कोण, आणि पेटीवर नाव कुणाचं? सावे. आजवर कुणी तक्रार केली?” जतीन, माझा नवरा, जेवता जेवता म्हणाला, “आई बरोबर बोलते.” त्यांना मला धीर द्यायचा होता. मी त्या दिवशी भात परत ठेवला.

तरीही दोन दिवसांनी मी आभाराच्या पानाचा मजकूर छापून शाळेत नेला. संमतीपत्र लागतं, ते नेलं. आणि तिचं नाव कुठे लागणार हे दाखवावं म्हणून बांधलेला प्रबंधही नेला. मनात एवढंच होतं, की ती म्हणेल, कशाला बाई माझं नाव. आणि मी सुटेन.

“शुक्रीताई, जरा बसता का?”

तिने शेगडी बारीक केली. “आज ताई? काय काम काढलं?”

मी सांगितलं. तिने कागद घेतला आणि बोट फिरवत वाचला. ‘श्रीमती शुक्री वरठा यांनी वेळोवेळी केलेल्या सहकार्याबद्दल.’

“हे कुठं लागणार?”

“सुरुवातीला. सगळ्यांच्या आधी दिसतं ते पान.”

“आत नाय?”

“आत सगळं शास्त्रीय असतं.”

तिने प्रबंध ओढून घेतला. मी धरून ठेवायला हवा होता, पण धरून काय सांगणार होते? ती चार-चार पानं एकदम उलटत गेली. मुलांची नावं सापडली की थांबायची. रूपीच्या नावावर तर तिने बोट टेकवूनच ठेवलं. मग सत्त्याऐंशीवं पान आलं. आश्रमशाळेत शिकवलेल्या पद्धतीनं, मोठ्यानं, तोडून तोडून तिने वाचलं. “कोंब-डा. मोटर-सायकल. टी-व्ही. प्रौढ स्त्री-चा आवाज.” थांबली. “वरती काय लिवलंय? व्यत्-यय. म्हणजे अडथळा ना?”

“हो.”

“ही मी?”

मी मान हलवली.

मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या हसण्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही. “कोंबडा सुक्याचा असल,” ती म्हणाली. “मेला तिथंच आरवतो. पण माझ्यापेक्षा कमी आला नं तुमच्यात.”

मग हसू पुसल्यासारखं गेलं. “मोबाइल घेत नाय, असं बोलला होता तुमी.”

“मी कापला, शुक्री. घेतला होता. मी कापला.”

“कुठं ठेवलाय?”

तेच नव्हतं. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती म्हणून कापलेली मुद्रणं ठेवून मूळची सगळी मी डिसेंबरात पुसून टाकली होती. ते सांगितलं. तिने प्रबंध मिटून माझ्या मांडीवर ठेवला, त्यावर आभाराचं पान, त्यावर संमतीपत्र, सगळ्याच्या कडा नीट जुळवून. “भात लागेल,” ती म्हणाली आणि उठली. सही केली नाही. करत नाही असंही म्हणाली नाही.

वीस मार्चला अभ्यासकेंद्रात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई भल्या होत्या. त्यांना प्रबंध आवडला होता. “केवळ ध्वनिपाठ, एकही प्रौढ मदतीला नाही, आणि एवढी वाढ. हे बाकीच्या तालुक्यांतही न्यायला पाहिजे,” त्या म्हणाल्या. मी ‘धन्यवाद मॅडम’ म्हटलं. कोणी तक्ता उघडला नव्हता. उघडणारही नव्हतं, त्यांच्या प्रतीची शहाऐंशी-सत्त्याऐंशी ही पानं पुठ्ठ्याच्या डिंकानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. परीक्षा पंचवीस मिनिटांची. त्यातली बावीस मी गप्प राहिले, हेही नोंदवायला हवं. तेविसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, “या भागातल्या पालकांचा सहभाग नसतोच म्हणा, तो प्रश्नच आला नाही,” आणि पेनचं टोपण लावायला लागल्या.

“मॅडम, सत्त्याऐंशीवं पान उघडता का?” मी म्हटलं.

रविंद्र सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी पानं सोडवली, तक्ता वाचला, माझं ऐकलं. त्यांचा चेहरा बदलत गेला तो आधी रागानं नाही, कंटाळ्यानं. बाहेर आणखी चार विद्यार्थी बसले होते.

“हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?”

‘नव्हतं’ हा शब्द तोंडात तयार होता. “आवाज आहे हे माहीत होतं,” मी म्हटलं. “कुणाचा, हे मी विचारलं नाही. आणि मदतीशिवाय असं लिहिलं, तेव्हा आवाज कापून झाला होता.”

“मूळ मुद्रणं?”

“पुसली.”

त्या बराच वेळ काही लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “मग माझ्यासमोर जे आहे ते संशोधन नाही, मॅडम. प्रयोग पुन्हा करा. त्या बाईंना धरून. डिसेंबरमध्ये बघू.” दाराशी त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, खरं बोलल्याबद्दल काहीतरी म्हणतील. “ही पानं डिंकात अडकणार नाहीत असं बघा,” एवढंच म्हणाल्या.

जावेचा फोन आला. दुसऱ्याच वाक्याला ‘आमच्या ऑफिसात कळलं’ आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं तिसऱ्याची वाट पाहिली नाही. जूनची मुलाखत गेली. काचेच्या कपाटातली प्रत मी काढली, तर तिथे धुळीचा चौकोन राहिला आणि सासूबाईंनी तो पुसून घेतला.

शुक्रीला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, “मी नापास झाले.”

“माझ्यापायी?”

“माझ्यापायी.”

तिने जरा विचार केला. “मग पोरांना परत पहिल्यापासून?”

“हो. पण या वेळी धडे दोघींनी भरायचे. तू तयार असलीस तर.”

“आथा नाय जमणार. सुट्टीत बघू.”

“सुट्टीत मी एवढ्या लांब कशी येणार?”

“तुमी कशाला याल. सुट्टीत मीच घोलवडला असते. चिकू निवडायला, पेट्या भरायला. तुमच्या बाजूच्याच वाडीत, चार वर्षं झाली.” मग, अगदी सहज, “तुमची स्कूटर रोज बघते की कुंपणातून.”

मे महिन्यात ती आली. दुपारी जेवणाच्या सुट्टीचा तास तिने मला दिला. सासूबाईंनी आधी ओटीवर चटई टाकली. मी आतून खुर्ची आणली. शुक्री पायरीवर बसली, कारण तिथून बायकांना न्यायला येणारा टेम्पो दिसत होता. सासूबाईंच्या आणि माझ्या मनात जो काही गोंधळ होता, तो तिनं जमेस धरलाच नाही.

पहिला धडा मधमाश्यांचा. तिने सुरुवातीलाच अट घातली, की पहिलं वाक्य मी त्यांच्या बोलीत बोलायचं, नाहीतर पोरं माझं बोलणं येईपर्यंत खेळत बसतात. तिने वाक्य सांगितलं. मी म्हटलं. तिने तोंडावर पदर घेतला. “असं बोलला तर पोरां समजतील माशी बाईंना चावली.” पुन्हा म्हटलं. “च्च,” ती म्हणाली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, “मला येतं त्यांचं बोलायला. पन्नास वर्षं मजुरांत काढलीत.”

“काय काय येतं, आई?”

त्या ओटीवर आल्या आणि हौसेनं सांगायला लागल्या. या. बसू नका. उचल. भर. इकडे ठेव. लवकर. फोडू नको. किती झाल्या? मी सवयीनं बोटांवर मोजत होते. आठव्याला त्यांचं त्यांनाच काहीतरी ऐकू आलं असावं. त्या थांबल्या आणि माझ्या वळलेल्या बोटांकडे पाहत राहिल्या.

शुक्रीनं मान वर केली नाही. “आणि ‘निघ’,” ती म्हणाली. “ते तर तुमाला बेस येतं, आजी.”

सासूबाई आत गेल्या. मीही कुठे जायचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, पण धडा भरायचा होता.

“चला बाई,” शुक्री म्हणाली, “टेम्पो यायच्या आत. परत बोला.”

मी परत बोलले. चुकलं. परत. पुन्हा चुकलं. पाचव्या खेपेला तिने हात हलवला. “चालेल. पोरां हसतील तुमाला.”

“हसू देत.”

“हसतील आणि घरी जाऊन सांगतील,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातला मोबाइल घेऊन, तोंडाशी धरून धड्यातलं पुढचं सांगायला लागली.